वादीचा गुडघा

अंबडचे ॲडव्होकेट रामप्रसाद भुतेकर आणि त्यांचे शेजारी बालकिशन मुंदडा यांच्यामध्ये एक भिंत होती आणि एक दावा होता. भिंत सामाईकीची होती. दावा मात्र एकट्या रामप्रसादांचा होता आणि तो बालकिशनजींच्या अंगणातल्या शेवग्याच्या झाडावरून होता. झाडाला हद्द कळत नव्हती. ते भिंतीवरून वाकून वकीलसाहेबांच्या अंगणात फुलं गाळायचं, पानं गाळायचं आणि मोसमात सुरवंटही गाळायचं. असाच एक सुरवंट एकदा कोर्टाला निघालेल्या वकीलसाहेबांच्या कॉलरमधून आत गेला, आणि त्याच आठवड्यात दावा दाखल झाला. झाड मुळासकट काढून टाकावं, अशी मागणी होती.

यावरून दोन घरांत बोलचाल बंद झाली असं मात्र कुणी समजू नये. वकीलसाहेबांच्या पत्नी वंदनाताई आणि बालकिशनजींच्या पत्नी भगवतीदेवी भिंतीवरून वाट्यांची देवाणघेवाण पूर्वीसारखीच करत. बालकिशनजी सिमेंट-लोखंडाचं दुकान उघडायला निघाले की रोज रामराम घालत. तारखेच्या दिवशी पाऊस असला तर वादीला आपल्याच गाडीतून कोर्टापर्यंत सोडत, कारण प्रतिवादीलाही तिथंच जायचं असे.

बंद झाल्या होत्या त्या फक्त शेंगा, आणि त्याही रामप्रसादांनीच बंद केल्या होत्या. ज्या झाडावर आपण दावा लावला त्याच्या शेंगा आपणच चोखत बसलो, तर कोर्टात काय तोंड दाखवायचं, असा त्यांचा सवाल होता. वंदनाताईंना त्यांनी सक्त ताकीद दिली होती, की वहिनींनी हात पुढे केला तरी घ्यायच्या नाहीत; ही वादग्रस्त मिळकत आहे. आपल्या बाजूला आलेल्या फांद्या तर त्यांनी कायद्यानं मिळालेल्या हक्कात आधीच छाटून घेतल्या होत्या. तत्त्वाच्या दृष्टीनं हे सगळं चोख होतं. अडचण एवढीच होती, की शेवग्याच्या शेंगांची आमटी हा रामप्रसादांचा जीव की प्राण होता. होळीच्या सुमाराला झाड नखशिखांत लगडलं, आणि शेंगा भिंतीच्या पलीकडे, पण डोळ्यांसमोर, वाऱ्यावर हलायला लागल्या. बाजारातल्या शेंगांना ती चव न्हाई, असं ते जेवताना म्हणत. मंग मागून आणा, असं वंदनाताई म्हणत. तिथं विषय संपे.

एका रविवारी मुंदडा मंडळी साखरपुड्याला जाफराबादला गेली. दुपारी वंदनाताईंचा डोळा लागला. रामप्रसाद स्टुलावर चढले, स्टुलावरून भिंतीवर चढले, आणि वयाची पन्नाशी ओलांडलेला, बार असोसिएशनचा माजी सचिव असलेला माणूस पायजमा सावरत भिंतीवर उभा राहिला. शेंगा हाताला लागल्या. चांगल्या मूठभर तोडून झाल्या. याच क्षणी गल्लीच्या तोंडाशी बालकिशनजींच्या गाडीचा हॉर्न वाजला.

स्टूल शोधायला वेळ नव्हता. रामप्रसादांनी अंगणात उडी मारली. खाली मोगऱ्याचा वाफा होता आणि त्याला सकाळीच पाणी सोडलं होतं. डावा पाय चिखलात रुतला, त्याची बोटं भिंतीकडे राहिली, आणि उरलेले वकीलसाहेब स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. पायाकडून ‘कट्’ असा आवाज आला. आधी त्यांना वाटलं, शेंग मोडली. मग ते खाली बसले, आणि शेंग नव्हे हे त्यांच्या लक्षात आलं.

वंदनाताई धावत आल्या तेव्हा ते वाफ्यात बसले होते आणि शेंगा त्यांच्याखाली होत्या. पाठोपाठ भिंतीवर बालकिशनजींचं डोकं आलं. काय झालं, असं त्यांनी विचारलं.

"बाथरूममध्ये घसरलो," रामप्रसाद म्हणाले.

बालकिशनजींनी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बाथरूमकडे पाहिलं, मोगऱ्याकडे पाहिलं, आणि चांगल्या शेजाऱ्यासारखं पुढं काही विचारलं नाही. उलट धरून उठवायला म्हणून ते फाटकातून आत आले. पण रामप्रसाद उठेनात. उठले असते तर शेंगा उघड्या पडल्या असत्या. तेव्हा त्यांनी घरातून खुर्ची आणायला सांगितली, आणि बालकिशनजी खुर्ची आणायला गेले तेवढ्यात वंदनाताईंनी मुद्देमाल पदराखाली घेतला. जाता जाता त्या हळूच म्हणाल्या, की बाथरूम मोगऱ्यात कधी हलवलं ते घरच्या माणसांना तरी सांगायचं होतं.

दिवेलागणीच्या आत गुडघा नारळाएवढा झाला. बातमी गल्लीत गेली आणि उपाय यायला लागले. रामप्रसादांचा कारकून कडूबा निरगुडीचा पाला घेऊन आला. त्याच्या मते ही शीर चढलेली होती. पाला गरम करून बांधायचा आणि वरून कचकचून दाबायचं. दाबण्याचं प्रात्यक्षिक त्यानं लगेच सुरू केलं, तेव्हा वकीलसाहेबांनी त्याला वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा घराबाहेर काढलं. भगवतीदेवींनी डिंकाचे लाडू पाठवले आणि भिंतीवरून विचारलं, की हाडांना शेवगा फार चांगला असतो, थोड्या शेंगा देऊ का? दावा चालू आहे, असं वंदनाताईंनी सांगितलं. त्या वेळी त्यांच्या मागे चुलीवर त्याच शेंगांची आमटी उकळत होती. ती रामप्रसादांनी रात्री पलंगावर बसून खाल्ली. चव चांगली होती, पण पूर्वीसारखी लागली नाही.

सोमवारी सकाळी गावातच एक्स-रे काढला. हाड शाबूत निघालं. हाड शाबूत म्हणजे माणूस शाबूत, हा आपल्याकडचा सर्वमान्य सिद्धान्त. त्यामुळे गुडघ्याला पट्टी गुंडाळून वकीलसाहेब थेट कोर्टात गेले, आणि एक्स-रेची काळी फिल्म बार रूममध्ये गेली. तिथं ती आधी ट्यूबलाइटसमोर धरली गेली, नंतर खिडकीसमोर. दिवाणी दावे चालवणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांनी दोन हाडांमधली मोकळी जागा दाखवून गुडघ्याची वाटी सरकल्याचं जाहीर केलं. फौजदारीवाल्यांनी ही वाटीच नव्हे, असा आक्षेप घेतला. बराच युक्तिवाद झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की फिल्म उलटी धरली आहे. सुलटी केल्यावरही कुणी आपलं मत बदललं नाही. एकानं मात्र साधी शंका काढली, की वकीलसाहेब, नेमकं पडलात कसे?

हा प्रश्न रामप्रसादांचा स्वतःचा होता. अपघाताच्या खटल्यांत ते विमा कंपनीच्या बाजूनं उभे राहत, आणि लंगडत आलेल्या माणसाला हाच प्रश्न इतक्या तऱ्हांनी विचारत, की शेवटी तो माणूस आपण पडलोच नाही असं म्हणायच्या बेताला येई. आपल्यावर तो उलटेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. बाथरूमची फरशी, साबण, ओलसरपणा असं सगळं त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना स्वतःलाच जाणवलं, की हा साक्षीदार कच्चा आहे.

दुपारी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना गुडघा अचानक निसटला. दुखलं असं नव्हे. पाय होता तिथं क्षणभर पाय नव्हताच. रामप्रसाद कडूबावर पडले, कडूबा फायलींवर पडला, आणि फायली एका पक्षकाराच्या डोक्यावर पडल्या. शीर उतरून राह्यली, असं कडूबा खालून म्हणाला. पण आता जालन्याला हाडांच्या डॉक्टरकडे गेल्याशिवाय भागणार नाही, हे वंदनाताईंनी ठरवून टाकलं होतं. आणि बालकिशनजींना मालासाठी जालन्याला जायचंच होतं. गाडी होती, जागा होती, नाही म्हणायला कारण नव्हतं.

डॉक्टर अर्पिता वयानं लहान होत्या आणि त्यांनी रामप्रसादांना काका म्हटलं. इथूनच वकीलसाहेबांचा मूड गेला. त्यात डॉक्टरांनी आधी उजवा, म्हणजे चांगला गुडघा तपासायला घेतला. चुकीचा पाय धरला आहे, हे रामप्रसादांनी सौम्य शब्दांत लक्षात आणून दिलं. चांगला कसा हलतो ते कळल्याशिवाय बिघडलेला कसा ओळखायचा, असं डॉक्टर म्हणाल्या आणि विचारत गेल्या. पडताना आवाज आला होता का? सूज लगेच आली की दुसऱ्या दिवशी? गुडघा मध्येच निसटतो का? इथपर्यंत उत्तरं खरी होती. मग डॉक्टरांनी विचारलं, नेमकं कसं पडलात? पलंगाच्या एका बाजूला वंदनाताई उभ्या होत्या. दुसऱ्या बाजूला एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून बालकिशनजी उभे होते. रामप्रसाद बाथरूममध्ये घसरले.

डॉक्टरांनी गुडघा थोडा वाकवून एका हातानं मांडी धरली आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढून पाहिली. पण वकीलसाहेबांनी सगळ्या अंगाचे स्नायू असे आवळून धरले होते, की पलंग हलला, नडगी हलली नाही. सूज आहे तोवर गुडघा नीट बोलणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. एक्स-रेत फक्त हाडं दिसतात, आतल्या दोऱ्या आणि गाद्या दिसत नाहीत, हेही त्यांनी समजावलं. पट्टा, कुबड्या आणि बर्फ सांगितला, पाला बंद केला, आणि सूज उतरल्यावर परत बोलावलं.

मधले दिवस रामप्रसादांनी पलंगावर काढले. रोज संध्याकाळी बालकिशनजी दुकान बंद करून येत, खुर्ची ओढून बसत आणि कसं काय वाटून राह्यलं विचारत. एकदा तर त्यांनी हार्डवेअरच्या मालातली खरबरीत रबरी चटई आणून स्वतःच्या हातानं बाथरूममध्ये अंथरली. पुन्हा घसरू नका म्हणाले. वंदनाताई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. त्या रात्री रामप्रसादांना झोप लागली नाही, आणि त्यात गुडघ्याचा दोष नव्हता.

दुसऱ्या खेपेला सूज बरीच उतरली होती. डॉक्टरांनी पुन्हा मांडी धरली, नडगी ओढली, आणि या वेळी ती सैल ड्रॉवरसारखी पुढं सरकली. उजव्या पायाची सरकत नव्हती. डॉक्टरांनी दोन्ही पाय पुन्हा करून पाहिले आणि आतली मुख्य दोरी तुटल्यासारखी वाटते म्हणाल्या. हातांना जे कळलं ते एमआरआयमध्ये पक्कं करून घेऊ, गादी फाटली आहे का तेही दिसेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाथरूमबद्दल त्यांनी एकदा पुन्हा विचारलं. साक्षीदार आपल्या जबानीला चिकटून राहिला.

एमआरआयच्या खोलीत घड्याळ गेलं, पट्टा गेला, बोटातली पुष्कराजची अंगठी गेली, आणि वकीलसाहेबांचा पाय एका नळकांड्यात बांधून कमरेपर्यंत आत सारला गेला. हलायचं नाही, असं सांगितलं होतं. मग मशीन सुरू झालं. बालकिशनजींच्या दुकानापुढं ट्रकमधून सळया उतरवतात तसा तो आवाज होता, फक्त ट्रक रिकामा होत नव्हता. पडल्या पडल्या रामप्रसादांनी शांतपणे विचार केला. मशीनला मांस दिसेल, हाड दिसेल, तुटलेली दोरी दिसेल. भिंत दिसणार नाही. झाड दिसणार नाही. म्हणजे उपचार बरोबर होतील आणि अब्रूही राहील. विज्ञानाबद्दल त्यांच्या मनात पहिल्यांदाच खरा आदर उत्पन्न झाला.

संध्याकाळी डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर चित्रं लावली. वंदनाताई आणि बालकिशनजी दोघंही मागे येऊन उभे राहिले, कारण आपल्याकडे कुणाच्याही गुडघ्याचा फोटो सगळ्यांनी बघायचा असतो. इथं अशी तिरपी काळी पट्टी सलग दिसायला हवी, डॉक्टर म्हणाल्या, ती मधेच तुटली आहे. गादी बचावली होती. मग त्यांनी पेन्सिलीचं टोक दोन धुरकट पांढऱ्या डागांवर ठेवलं. एक मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाला होता, दुसरा नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला.

"हा हाडांना लागलेला मुका मार आहे," त्या म्हणाल्या. "पाय जमिनीत अडकला आणि अंग वळलं, की ही दोन हाडं निसटून एकमेकांवर आपटतात. खेळाडूंमध्ये नेहमी दिसतं. उंचावरून उडी मारून उतरताना दिसतं. नुसतं बाथरूममध्ये घसरून सहसा असं होत नाही."

रामप्रसादांनी पडद्यावरच्या डागांकडे पाहिलं. त्यांना ते आता अगदी भिंतीसारखे दिसत होते.

डॉक्टरांच्या बोलण्यात आरोप नव्हता, हीच खरी पंचाईत होती. त्यांना फक्त उपचार ठरवायचे होते. घर आणि कोर्ट एवढंच चालणं असेल तर पट्टा आणि व्यायामावर भागू शकेल. गुडघा निसटतच राहिला तर पुढं पाहू, असं त्या सांगत होत्या. पण माणूस खेळणारा, उड्या मारणारा असेल तर ऑपरेशनचा विचार आत्ताच करायला हवा. शिवाय उंचावरून पडले असतील तर टाच आणि पाठही तपासायला हवी. तेव्हा त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं,

"काका, तुम्ही उड्या मारता का?"

वकिलीच्या सगळ्या कारकिर्दीत रामप्रसादांनी इतका बिनतोड प्रश्न ऐकला नव्हता. हो म्हणावं तर अब्रू गेली, नाही म्हणावं तर गुडघा गेला. त्यांनी वंदनाताईंकडे पाहिलं. त्या कॉम्प्युटरकडे बघत होत्या.

"एकदाच मारली," ते म्हणाले.

"कुठून?"

"भिंतीवरून."

"कोणत्या भिंतीवरून?" हे बालकिशनजींनी विचारलं.

"आपल्या."

बालकिशनजींना समजायला थोडा वेळ लागला. आपण जाफराबादहून आलो, हॉर्न वाजवला, भिंतीवरून डोकावलो, हे त्यांनी मनाशी जुळवून पाहिलं असावं. शेंगांसाठी गेले होते, असं वंदनाताईंनी न विचारता सांगून टाकलं.

"मंग मागायच्या ना, वकीलसाहेब," बालकिशनजी म्हणाले. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि ते रामप्रसादांना जास्त लागलं.

"दावा चालू आहे," ते म्हणाले.

डॉक्टरांनी टाच दाबून पाहिली, पाठ ठोकून पाहिली, आणि ऑपरेशन तूर्त नको असं सांगितलं.

परतीच्या वाटेवर गोलापांगरी मागं पडली तरी बालकिशनजी समोर बघत गाडी चालवत होते. शेवटी त्यांनी सहज म्हणून एक शंका विचारली. समजा उद्या दुसरंच कुणी आलं, त्या झाडाच्या नादात भिंतीवर चढलं आणि पडलं, तर बोजा कुणावर? झाडाच्या मालकावर का पडणाऱ्यावर?

आता इथं रामप्रसादांनी गप्प बसायला हवं होतं. मला माहीत नाही, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सकाळपासून काका, बर्फ, नळकांडं आणि उड्या यांनी खच्ची झालेल्या माणसाला कुणीतरी कायदा विचारला होता. ते पाय लांब करून ताठ बसले. मालकाची जबाबदारी, फळांचं आमिष, धोक्याची पूर्वकल्पना, पडणारा लहान असेल तर काय, फांदी कुजकी असेल तर काय, असं सगळं त्यांनी मुद्देसूद समजावून सांगितलं. अशा केसमध्ये आपण पडणाऱ्याच्या बाजूनं उभे असतो तर मालकाला कसं सोललं असतं, हेही दाखवलं. अंबड आलं तेव्हा त्यांची तब्येत खुललेली होती. बऱ्याच दिवसांनी आपण काही चांगलं बोललो असं त्यांना वाटलं. बालकिशनजींनी त्यांना हात धरून पलंगापर्यंत नेलं आणि, बिलकुल बराबर आहे तुमचं, असं म्हणून ते घरी गेले.

सकाळी रामप्रसाद गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन सांगितलेला व्यायाम करत होते. गुंडाळी दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. एवढ्यात भिंतीपलीकडून करवतीचा आवाज यायला लागला. त्यांनी वंदनाताईंना हाक मारली. त्या खिडकीतून बघून आल्या. बालकिशनजींनी लाकूडतोड्या बोलावला होता. वकीलसाहेबांनी जोखीम समजावून सांगितल्यावर रात्रभर डोळ्याला डोळा लागला न्हाई, असं ते भगवतीदेवींना सांगून राह्यले होते.

रामप्रसाद कुबड्यांवर उठून खिडकीशी आले. लगडलेली फांदी त्यांच्या देखत खाली गेली. मनाई हुकूम आणावा, असा विचार त्यांच्या डोक्यात वीज चमकावी तसा येऊन गेला. पण झाड तोडू नये असा हुकूम मागायचा कुणी, तर ज्यानं ते तोडावं असा दावा लावला त्यानं! कायद्यात याला तोड नव्हती. त्यांनी खिडकीतून हात वर करून काही म्हणायचा प्रयत्न केला. बालकिशनजींना वाटलं, वकीलसाहेब आभार मानत आहेत. त्यांनीही हात वर केला आणि झाड बुंध्यापासून आडवं झालं.

पुढच्या तारखेला दावा निकाली निघाला. मागणी पूर्ण झाल्यामुळे वादीची तक्रार उरलेली नाही, असं रामप्रसादांनी काठीला टेकून कोर्टाला सांगितलं. बार रूममध्ये सगळ्यांनी अभिनंदन केलं. निकालाशिवाय, साक्षीशिवाय, समोरच्या पक्षानं स्वतःहून झाड तोडलं, अशी केस अंबडच्या कोर्टात कुणाच्या आठवणीत नव्हती. कडूबानं पेढे वाटले. बालकिशनजींनीही एक पेढा घेतला आणि वकीलसाहेबांना गाडीतून घरी सोडलं.

अंगणात ऊन पसरलं होतं. भिंतीवर आता सावली नव्हती. रामप्रसाद ओसरीवर बसले, डावा पाय समोरच्या स्टुलावर ठेवला आणि पट्टा सैल केला. वंदनाताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"जिंकलात म्हणं," त्या म्हणाल्या. "आज आमटी कशाची करू?"

रामप्रसादांनी पाय हळूहळू सरळ केला. आता तो जवळजवळ पुरता सरळ होत होता.

"कशाचीही," ते म्हणाले.